अडतीस अंशांना वितळणारे मीठ

आरशाच्या काचेवर चांदी चढवण्यापूर्वी तिच्यावरून एक पाणी फिरवावे लागते. दिसायला ते साध्या पाण्यासारखेच असते. काच त्याने ओली होते, लगेच स्वच्छ पाण्याने धुतली जाते, आणि पाहणाऱ्याला वाटते की काहीच झाले नाही. पण हे पाणी न फिरवता चांदीचे द्रावण ओतले, तर चांदी काचेला नीट धरत नाही. ठिपक्याठिपक्यांनी बसते आणि बोट लावले तरी निघून येते. या पाण्यात कथिलाचे एक मीठ विरघळलेले असते. पुस्तकात त्याचे नाव स्टॅनस क्लोराइड. आमच्या कारखान्यात त्याला नुसते ‘टिन’ म्हणतात, आणि ते पाणी काचेवरून फिरवण्याला ‘टिन मारणे’.

‘आमच्या कारखान्यात’ असे लिहिताना हात अजून थोडा अडखळतो. मी तिथे कामाला लागले तेव्हा मला सत्तेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी मी चांगल्या गुणांनी मिळवली होती, परंतु त्यानंतर प्रयोगशाळेशी माझा संबंध आला नव्हता. लग्न होऊन कर्जतला आले. सासरी सगळे शिक्षक आणि वकील. घर मोठे, माणसे चांगली. मला कोणी अडवले नाही, आणि मीही कोणाला काही विचारले नाही. विचारणे हीच माझी अडचण आहे. दुकानात माझ्यानंतर आलेल्या दोघांना सामान मिळून जाते, आणि मी जणू मला घाईच नाही असा चेहरा करून उभी असते. मुलगा शिकायला पुण्याला गेला त्या वर्षी यजमानांनीच ओळखीच्या एका कारखानदाराजवळ परस्पर विषय काढला. कारखान्यातला आधीचा केमिस्ट मोहोपाड्याच्या एका मोठ्या कंपनीत, राहायला क्वार्टर मिळते म्हणून, निघून गेला होता. शेठ फोनवर म्हणाले, “मॅडम, सोमवारपासून येता का?” नाही म्हणणे मला सुचले नाही, म्हणून मी हो म्हटले.

कारखाना साजगावला आहे. सकाळी कर्जतहून खोपोलीची गाडी, तिथून सहा आसनी रिक्षा. खालापूरकडे आणि कर्जतकडे फार्महाऊस आणि रिसॉर्ट वाढत गेले, तसे भिंतभर आरसे मागणारेही वाढले, आणि शेठचे काचेचे दुकान हळूहळू कारखाना झाले. एक लांब शेड, तिच्या एका टोकाला माझी खोली, म्हणजे प्रयोगशाळा, आणि दुसऱ्या टोकाला भांडार. मध्ये मोठ्या टेबलांवर सहाजण काच कापतात. सगळ्यांवर एक सुपरवायझर. सगळे मिळून वीसेक माणसे असतील.

भांडार ज्यांच्याकडे होते ते कडावचे. घरची भातशेती, दोन म्हशी, आणि लावणीच्या दिवसांत आठवडाभराची रजा. ती शेठनी कधी नाकारलेली नव्हती. वयाने माझ्याहून बरेच मोठे. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. भांडाराची किल्ली ते करदोट्याला बांधत. शेड उभी राहिल्यापासून ती त्यांच्या कमरेला होती, आणि इतक्या पावसाळ्यांत आपल्या भांडारात पाण्याचा एक थेंब गेला नाही, हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. मलाही सांगितले.

त्याच दिवशी मी टिनचे पाणी पहिल्यांदा तयार केले. मोठ्या चंचुपात्रात ऊर्ध्वपातित पाणी घेतले आणि पांढऱ्या स्फटिकांचे मोजलेले वजन त्यात सोडले. पाणी दुधासारखे झाले. मी ढवळले. ते आणखी दुधासारखे झाले. मामा मीठ पोहोचवायला आले होते ते दारातच उभे होते.

“बाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “ह्याचं तर ताक झालं.”

मी ढवळणे थांबवले.

“आदी ॲसिड घ्यायचं. त्यात मीठ. मंग पाणी. आदीचे साहेब असंच करायचे, मी रोज बघायचो.”

“मला माहीत होतं हो, मामा,” मी म्हणाले, आणि ते खरे होते, हेच त्यातले वाईट.

“मंग बरं झालं. ओता सांडपाण्याच्या टाकीत. मी कोणाला सांगत नाय.”

हे मीठ थोड्या पाण्यात निमूट विरघळते, पण पाणी वाढवले की त्याच्याशी त्याची प्रक्रिया होते आणि न विरघळणारा पांढरा साका तयार होतो. हायड्रोक्लोरिक आम्लाची सोबत आधीपासून असेल तर तसे होत नाही. हे मी परीक्षेत समीकरणासह लिहिले होते. इतकेच नव्हे, तर त्या ताकात नंतर आम्ल घातले असते तरी ते पुन्हा निवळले असते. हेही मला आठवले, पण टाकीत ओतून झाल्यावर. मामांनी मात्र शब्द पाळला. ती गोष्ट कारखान्यात कोणालाच कळली नाही.

त्यानंतरचे महिने सुखाचे गेले. या एका मिठाशी माझा चांगला परिचय झाला, आणि पुस्तकात ओळींमध्ये वाचलेले गुण हाताला कळू लागले. हवेतला प्राणवायू ते घेत राहते, आणि जितका घेते तितके आपल्या कामाला निरुपयोगी होत जाते. म्हणून झाकण घट्ट हवे. तयार पाण्याच्या बाटलीत मी शुद्ध कथिलाचा एक तुकडा टाकून ठेवत असे. द्रावणातले जे मीठ हवेने बिघडते, त्याला हा धातू पुन्हा पूर्वस्थितीत आणतो. मामांना मी हे समजावून सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हंजे कल्हईवाला लावायचा तेच कथील ना? मंग त्याला सवय हाय सांभाळून घ्यायची.” कथिलाचे दुसरेही एक क्लोराइड असते. ते द्रव असते आणि दमट हवेत उघडले की पांढरा धूर सोडते. आमच्या प्राध्यापकांनी ते जुलै महिन्यात उघडून दाखवले होते, आणि सगळा वर्ग खोकत बाहेर पडला होता. त्या भावंडापुढे आमचे मीठ फारच शांत. माझ्याशी त्याचे जमले यात नवल नव्हते.

एकच गोष्ट मला जड जाई. मीठ भांडारात आणि मी शेडच्या दुसऱ्या टोकाला. दर एक दिवसाआड मला ती सहा टेबले ओलांडून जावे लागे. मी निघाले की काच कापणाऱ्यांचे हात थांबत. त्यात वाईट काही नव्हते. कोणी आले की माणूस मान वर करून बघतोच, आणि हातात काच कापायची हिरकणी असताना इकडे तिकडे बघायचे तर हात थांबवलेलाच बरा. पण त्या बारा डोळ्यांमधून जाऊन, मामा जेवत असले तर त्यांना ताटावरून उठवून, चमचाभर मिठासाठी कुलूप उघडायला लावायचे, हे मला नको वाटे. कितीदा मी मीठ संपेपर्यंत गेले नाही, आणि मग टिनचे पाणी पातळ करून वेळ मारून नेली.

एप्रिलच्या शेवटी नवा ड्रम आला. निळा, प्लास्टिकचा, कमरेएवढा. आल्या दिवशीच त्यातला नमुना तपासून मी आकडे वहीत लिहिले. मीठ उत्तम होते. मग मी मामांना म्हणाले, “हा ड्रम माझ्या खोलीबाहेरच्या बोळात ठेवू या का? म्हणजे तुम्हाला सारखं उठायला नको.”

मामांनी बोळाकडे पाहिले. शेडला जोडून पत्र्याचा उतरता आडोसा काढून तो बोळ केला होता. पश्चिमेचे ऊन थेट त्या पत्र्यावर येई.

“तिथं नको बाई. पत्रा लय तापतो तो. भांडार गार हाय.”

“तापला तर काय होणार, मामा? मीठच आहे ते. अडीचशे अंशांपर्यंत वितळत नाही.”

ही संख्या मी इतक्या सहजपणे उच्चारली, की मलाच आश्चर्य वाटले. मामांनी मान हलवली, आणि दोघांना हाताशी घेऊन ड्रम बोळात आणून ठेवला. त्यानंतर सहा टेबले ओलांडण्याची गरज उरली नाही. मला हवे तेव्हा मी दार उघडून मीठ काढून घेई. किती काढले ते लिहून ठेवायचेही राहून जाई, कारण लिहून घेणारे मामा आता मध्ये नव्हते.

मे महिन्यात सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, म्हणून मी दोन दिवस रजेवर होते. तिसऱ्या दिवशी आले तर बोळात गर्दी. शेठ, सुपरवायझर, काच कापणारे सगळे, आणि भिंतीला टेकून मामा. ड्रमचे झाकण काढलेले होते. आदल्या दुपारी सुपरवायझर माझ्या जागी टिनचे पाणी करायला म्हणून मीठ काढायला गेला, तेव्हा चमचा आत बुडाला होता. सकाळी त्याने शेठना बोलावून आणले. मी वाकून पाहिले. पांढरे चमकदार स्फटिक तिथे नव्हते. जवळजवळ अर्धा ड्रम दाट, किंचित गढूळ द्रवाने भरलेला होता, आणि त्यात एक खडाही उरला नव्हता.

“पाणी गेलंय आत,” सुपरवायझर शेठना सांगत होता. “मामा रोज दुपारी पाइप घेऊन इथे पाणी मारतात ना, गारव्याला. झाकण नीट बसलेलं नसणार.”

“पाणी मारलं मी. नाय म्हणत नाय,” मामा म्हणाले. “पण ड्रमात गेलेलं नाय.”

“मग हे काय आहे? घाम आला का त्याला?”

दोघेतिघे हसले.

“वजन करून बघा, शेठ. पाणी गेलं असंल तर वजन वाढंल.”

“आणि मीठ किती काढलंय ते कुठे लिहिलंय?” सुपरवायझरने विचारले. “मामा, तुमच्या वहीत तर ड्रम आल्यापासून एक ओळ नाही.”

मामांनी करदोट्याची किल्ली चाचपली. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी एकच वाक्य म्हणणे पुरेसे होते आणि ते खरे होते: ड्रम इथे बाईंनी ठेवायला सांगितला, मीठ त्याच काढतात. ते म्हणाले नाहीत.

शेठ मुळात रागीट नव्हेत, पण पुढच्या आठवड्यात एका रिसॉर्टचे आरसे द्यायचे होते. ते म्हणाले, “मामा, आता वय झालं तुमचं. ताण नको. किल्ली द्या ह्याच्याकडे. तुम्ही पॅकिंगला बसा.”

मामांनी करदोट्याची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. वीसेक माणसे बघत असताना म्हाताऱ्या बोटांनी ते ती गाठ सोडत राहिले, आणि मी तिथे उभी होते. मग किल्ली सुपरवायझरच्या हातात गेली. शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, यातलं काही वाचतं का बघा. नाहीतर फेकून देऊ.”

मी ‘बरं’ म्हणाले. मग खोलीत जाऊन दार लावून घेतले.

काय झाले ते मला ड्रममध्ये वाकून पाहताच कळले होते. अडीचशे अंशांची संख्या खरी होती, पण ती निर्जल मिठाची. ड्रमातल्या मिठात प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू स्फटिकातच बांधलेले असतात. ड्रमावरच्या कागदावरही तसे छापलेले होते. ते मीठ सदतीस-अडतीस अंशांनाच आपल्या अंगच्या पाण्यात वितळते. हीदेखील संख्या मला पाठ होती. परीक्षेत दोन्ही शेजारीशेजारी लिहिल्या होत्या. पण माझ्या मनात अडतीस ही वहीतली संख्या होती. साजगावची मे महिन्यातली दुपार म्हणून तिच्याकडे मी कधी पाहिलेच नव्हते. भिंतीवरचा तापमापक काढून मी बोळात टांगला. अकरा वाजले होते. पारा चाळिसाच्या वर जाऊन थांबला.

मामांना हा आकडा माहीत नव्हता. पत्रा तापतो, एवढेच माहीत होते, आणि तेवढे पुरेसे होते.

लाजऱ्या माणसाला कबुली द्यायची असली तरी हातात आधी कागद लागतो. मी नमुना घेतला, आम्लात विरघळवला, स्टार्चचे थेंब घातले आणि ब्युरेटमधून आयोडीन सोडू लागले. कथिलाचे हे मीठ शिल्लक असेपर्यंत आयोडीनचा तपकिरी थेंब पडताक्षणी नाहीसा होतो. मीठ संपले की पहिला जादा थेंब सगळे पाणी निळे करतो. बाहेरचे पाणी मिसळले असते तर तेवढ्याच वजनाच्या नमुन्यात मीठ कमी भरले असते आणि निळा रंग लवकर आला असता. तो आला तेव्हा मी आकडा वाचला आणि एप्रिलच्या पानावरच्या आकड्याशेजारी लिहिला. दोन्हींत एका थेंबाचाच काय तो फरक होता. पुन्हा केले. पुन्हा तेच.

आता बाहेर जायला हवे होते. मी परीक्षानळीत तो द्रव घेतला आणि थेट शेठच्या केबिनमध्ये गेले.

“शेठ, मला थोडा बर्फ हवा आहे.”

“सरबत करताय का मॅडम?”

“नाही. मामांना बोलवा. सगळ्यांनाच बोलवा.”

हे मी म्हणाले याची त्यांना गंमत वाटली असावी, कारण ते स्वतः उठून फ्रिजमधला बर्फ घेऊन आले. काच कापायच्या टेबलावर स्टीलच्या भांड्यात बर्फ ठेवला, त्यात नळी उभी केली. मी म्हणाले की पाणी गेलेलेच नाही, मीठ उन्हाने वितळले आहे. गार केले की ते पुन्हा स्फटिक होईल. सगळे वाट पाहू लागले.

काहीच झाले नाही. पाच मिनिटे गेली. नळीतला द्रव अधिक दाट झाला, पण द्रवच राहिला.

“मॅडम, कुल्फी काही जमत नाही,” सुपरवायझर म्हणाला. पुन्हा हशा. मला वाटले, आता खोलीत परत जावे आणि दार लावून घ्यावे. मग मामा पुढे आले. त्यांनी नळी हातात घेतली, तिरपी केली, आतला द्रव कसा सरकतो ते पाहिले.

“जड हाय पाण्यापेक्षा,” ते म्हणाले. मग नळी पुन्हा बर्फात ठेवत, “बाई, विरजण नको का ह्याला?”

मला त्यांच्याकडे पाहतच राहावे असे वाटले. काही द्रव गोठणबिंदूच्या खाली गेले तरी गोठत नाहीत. सुरुवात करून द्यायला त्यांना त्याच पदार्थाचा एक तयार स्फटिक लागतो. हेही मी शिकले होते. मामा घरी दुधाला विरजण लावतात, त्यावरून बोलले.

“जुनं मीठ शिल्लक आहे का कुठे, मामा?”

“भांडारात. तिसरी फळी, काचेची बरणी. चमचाभर असंल. मी टाकत नाय काय.”

सुपरवायझरने खिशातून किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. मामांनी हात पुढे केला नाही. “तुमीच आणा. किल्ली तुमच्याकडं हाय.”

सुपरवायझर गेला. भांडाराकडून बराच वेळ कुलपाची खडखड ऐकू येत राहिली. अखेर मामांनी जागेवरूनच आवाज दिला, “वर उचलून धर रं! मंग फिरव!” या वेळी जे हसले ते सुपरवायझरला हसले.

बरणी आली. मी नळी बर्फातून काढून पुसली आणि चिमट्याने एक बारीक स्फटिक आत सोडला. तो खाली जाताना त्याच्याभोवती सुया फुटल्या. पांढऱ्या, लांब, एकमेकींना ओलांडणाऱ्या सुया, वरून खाली, पाहता पाहता. अर्ध्या मिनिटात नळी पांढरी झाली. मी ती उलटी केली. काही सांडले नाही.

“हात लावून बघा,” मी म्हणाले.

शेठनी नळीला हात लावला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. “गरम लागतेय.”

“बर्फातून काढलेली?” म्हणत एकेकाने नळी हातात घेतली. द्रवाचा स्फटिक होताना उष्णता बाहेर पडते. वितळताना पत्र्याकडून जी घेतली होती, तीच आता मीठ परत करत होते. नळी सगळ्यांच्या हातांतून फिरून माझ्याकडे आली तेव्हाही कोमट होती. मी दोन्ही आकडे दाखवले. शेठनी ते वाचले नाहीत, पण मान डोलावली.

“म्हणजे पाणी गेलं नाही.”

“नाही.”

“माल चांगला आहे.”

“चांगला आहे.”

“चला, काम वाचलं,” ते म्हणाले, आणि मग सहज, जाता जाता, “पण मामा, उन्हाने वितळणारी वस्तू पत्र्याखाली ठेवायची का हो? इतकी वर्षं भांडार सांभाळता. तिथे ठेवला कोणी?”

“ठेवला मीच,” मामा म्हणाले.

ते खोटे नव्हते. ठेवला त्यांनीच होता. त्यांच्या बाजूने प्रश्न तिथे संपला होता. शेठच्या चेहऱ्यावरून दिसत होते की किल्ली जिथे गेली आहे तिथेच राहणार, आणि आता त्याला कारणही योग्य होते. मी काही बोलले नसते तर कोणालाही कधी कळले नसते. पहिल्या दिवसाचे ताक जसे कोणाला कळले नव्हते.

“शेठ,” मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, आणि सहाच्या सहा जणांनी माना वर केल्या. “ड्रम तिथे ठेवायला मी सांगितलं. मामा नको म्हणाले होते. पत्रा तापतो म्हणाले होते. मी त्यांना सांगितलं की काही होत नाही. आणि मीठ मीच काढत होते, लिहून न ठेवता.”

शेठ जाता जाता थांबले. “तुम्ही? का पण?”

याचे खरे उत्तर फार लहान होते आणि ते द्यायला मला फार वेळ लागला. “इथून चालत जायला संकोच वाटतो म्हणून.”

कोणी हसेल असे मला वाटले होते. कोणी हसले नाही. काच कापणाऱ्यांपैकी सगळ्यात थोराड माणूस हातातली हिरकणी खाली ठेवत म्हणाला, “आमचा संकोच? अवो मॅडम, तुमी आल्या की आमीच घाबरतो. वाटतं, काच तपासायला आल्या.”

मग मात्र सगळेच हसले, मीही. शेठनी सुपरवायझरपुढे हात केला, त्याच्याकडून किल्ली घेतली आणि मामांना दिली. “धरा. आणि मॅडमचा ड्रम आत न्या.”

“बाईंचा नाय,” मामा म्हणाले. “भांडाराचा.” त्यांनी पाठ वळवली आणि सावकाश करदोट्याला गाठ मारली.

ड्रम त्याच दुपारी भांडारात गेला. मामांनी सांगितल्याप्रमाणे मी बरणीतले उरलेले खडे त्यात टाकले, झाकण घट्ट बसवले, आणि मामांनी ड्रमाभोवती ओली पोती गुंडाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला तेव्हा मीठ गोठले होते, परंतु आता ते सगळे मिळून एकच धोंडा झाले होते. चमचा त्यात शिरेना. मामांनी घरून लाकडी मोगरी आणली, आणि हातमोजे घालून आम्ही दोघांनी तो धोंडा ठोकून ठोकून फोडला. वरचा थोडा गढूळ थर मी वेगळा काढला. बाकीचे मीठ पुढच्या पावसाळ्यानंतरही पुरले. रिसॉर्टचे आरसे वेळेवर गेले. त्यांच्यावर चांदी कशी बसली आहे ते मी स्वतः तपासले. कुठे ठिपका नव्हता.

आमच्या दोघांत त्या दिवसाविषयी बोलणे असे झाले नाही. पहिल्या दिवशीच्या माझ्या चुकीबद्दल ते गप्प राहिले होते, आणि या वेळीही गप्प राहायला तयार होते. मी आभार मानायला गेले, तर त्यांनी मला कडावच्या शेतातल्या काकड्यांची पिशवी दिली आणि म्हशीच्या दुधाला किती विरजण लावायचे ते सांगत बसले.

आता तिथे मला चौथे वर्ष चालू आहे. एक दिवसाआड, साधारण अकराच्या सुमारास, मी खोलीतून निघते आणि सहा टेबलांमधून चालत जाते. माना अजूनही वर होतात. मी आता थांबून बघते. कधी एखाद्या काचेच्या कडेवरून बोट फिरवून ‘छान’ म्हणते. त्यांना ते आवडते, हे मला फार उशिरा कळले. भांडाराच्या दाराशी मामा कधी पेंगत असतात, कधी भाकरी खात असतात. मी उभी राहते आणि त्यांना उठवते.

“मामा, टिन हवंय.”

ते हात धुतात, किल्ली काढतात, कुलूप किंचित वर उचलून फिरवतात. आत गार असते. ड्रमाचे झाकण उघडताना ते दर वेळी एकच प्रश्न विचारतात, आणि बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारतात.

“किती देऊ, बाई? ताकाला?”